आल्पुखाराच्या पाटांच्या काठाने

डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, डोंगर चढायला नव्हे. आमच्यापैकी एकाच्या हृदयात दोन स्टेंट बसलेले आणि दुसरीचा उजवा गुडघा जिना पाहिला की कुरकुरणारा. अशा दोघांनी स्पेनमधल्या डोंगराळ भागात आठ दिवस पायी फिरून यावे, ही कल्पना आमची नव्हतीच. ती आमच्या मुलीची. ती जर्मनीत नोकरीला आहे. "अम्मी, तुम्हाला कुणी पळायला सांगत नाहीये. सामान टॅक्सीने पुढच्या गावी जाईल. तुम्ही सकाळी नाश्ता करून निघा, बसत-उठत चला, जेवणाच्या वेळेला पोहोचा. दिवसाला सहा-सात किलोमीटर." तिकिटे तिनेच काढली होती, त्यामुळे वाद फार चालला नाही.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. एकाने धुळे जिल्ह्यात पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षे काढली, दुसरीने उर्दू शाळेत मुले शिकवली. म्हणून यात पाण्याबद्दल जरा जास्त आणि जेवणाबद्दलही जरा जास्त आले असेल, तर वाचकांनी समजून घ्यावे.

सुरुवात ग्रॅनाडा शहरातून. मे महिन्यातला शुक्रवार. आल्बाइसिन नावाच्या जुन्या वस्तीत टेकडीवर एक मशीद आहे. ती 2003 साली उघडली. म्हणजे या शहरातले शेवटचे मुस्लिम राज्य 1492 साली संपल्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी. छोटीशी बाग, गुलाबाची झाडे, समोर दरीपलीकडे अलहम्ब्राचे तांबूस बुरूज आणि त्यामागे बर्फाचे पट्टे असलेली सिएरा नेवादा पर्वतरांग. जुम्याला मोरोक्कोचे, सेनेगलचे, पाकिस्तानचे आणि गोरे स्पॅनिश असे सगळ्या रंगांचे लोक. एक गोष्ट मात्र आम्हाला दोन-तीन दिवस गोंधळात टाकत राहिली. आयुष्यभर आम्ही मावळतीकडे तोंड करून नमाज पढली. इथे किब्ला उगवतीकडे. फजरला समोर उजाडायला लागायचे आणि मनात पहिला विचार यायचा की आपले काही चुकले तर नाही ना.

अलहम्ब्राबद्दल सगळ्यांनी इतके लिहिले आहे की आम्ही त्यात भर घालत नाही. पाहिले, डोळे भरले, पाय दुखले.

दुसऱ्या दिवशी बसने दक्षिणेला निघालो. शहर सुटल्यावर एक घाट लागतो. त्याचे नावच 'मूराचा सुस्कारा'. शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह, ज्याला स्पॅनिश लोक बोआब्दिल म्हणतात, तो इथे थांबला, वळून शहराकडे पाहिले आणि रडला, तेव्हा त्याच्या आईने त्याला सुनावले अशी कथा आहे. ही कथा नंतर रचलेली, असे इतिहासकार मानतात. शाळेतल्या बाईंना ती मुळीच आवडत नाही. त्यांचे म्हणणे, ज्या आईने मुलाला गादीवर बसवण्यासाठी जिवाचे रान केले, तिच्या तोंडी नेमके तेवढे एकच वाक्य लोकांनी ठेवले. असो. त्या सुलतानाला जी जहागीर मिळाली ती याच भागात, आल्पुखारामध्ये. तिथे तो थोडाच काळ राहिला आणि 1493 साली समुद्र ओलांडून फेसला गेला.

आल्पुखारा म्हणजे सिएरा नेवादाचा दक्षिण उतार. वर मुलासेन हे शिखर, उंची जवळजवळ साडेतीन हजार मीटर, संपूर्ण स्पेन-पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर सर्वांत उंच. हे नावही बोआब्दिलच्या वडिलांचे, मौलाय हसन यांचे. खाली भूमध्य समुद्र. हवा स्वच्छ असेल तर समुद्र दिसतो, त्यापलीकडे आफ्रिकाही दिसते म्हणतात. आम्हाला धूसर निळी रेघ दिसली. ती आफ्रिका की ढग, यावर आमचे एकमत नाही.

पहिले गाव पाम्पानेइरा. त्याच दरीत वर बुबिओन आणि त्याच्याही वर कापिलेइरा, अशी एकावर एक तीन पांढरी गावे. बसमधून उतरलो आणि खात्यातले गृहस्थ उभेच राहिले. म्हणाले, "अगं, ही तर आपली धाब्याची घरे!" खरोखर तशीच. जाड दगडी भिंती, लाकडी सर, त्यावर चपटे दगड आणि सगळ्यात वर राखाडी मातीचा थर. या मातीला इथे लाउना म्हणतात. ती पाणी झिरपू देत नाही. खानदेशात पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकतात तेच काम. फरक इतकाच की इथे प्रत्येक छपरावर टोपी घातलेले एक धुराडे असते आणि आपल्याकडे वाळत घातलेले पापड-कुरडया. मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरातही अशीच घरे आहेत. तिकडून आलेल्या बर्बर लोकांनी ही पद्धत आणली. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन घरांच्या मधून, छताखालून रस्ता जातो. दुकानांतून जुन्या कापडाच्या चिंध्या विणून केलेल्या सतरंज्या टांगलेल्या, त्यांना खारापा म्हणतात. आमच्या आजीची गोधडी मागावर विणली असती तर अशीच दिसली असती.

आणि सगळीकडे पाण्याचा आवाज. गल्लीच्या मधोमध दगडी नाली, तिच्यातून डोंगरातले थंडगार पाणी धावते. कोपऱ्याकोपऱ्यावर नळकोंडी, त्यातून पाणी अखंड पडते. चालून आल्यावर वजूला बसले की कोपरापर्यंत शहारे येतात.

आता जरा मागे जायला हवे, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. ग्रॅनाडा शरण आले तेव्हा करारात लिहून दिले होते की मुसलमानांचा धर्म, मशिदी, कायदा, पोशाख यांना हात लावला जाणार नाही. दहा वर्षांच्या आत तो मोडला. जबरदस्तीने बाप्तिस्मे झाले आणि या लोकांना मोरिस्को असे नाव पडले. 1567 साली राजा दुसरा फिलिप याच्या फर्मानाने अरबी बोलणे-लिहिणे, बायकांचा बुरखा, हमाम, जुनी नावे, लग्नातली गाणीबजावणी सगळे बंद. शुक्रवारी घराचे दार उघडे ठेवायचे, म्हणजे आत काय चालते ते दिसावे. 1568 च्या नाताळात याच डोंगरात बंड पेटले. दोन-अडीच वर्षे चालले. ते चिरडल्यावर इथल्या लोकांना घरांतून काढून दूर उत्तरेकडच्या प्रांतांत विखरून टाकले, आणि 1609 पासून पुढच्या पाच वर्षांत साऱ्या स्पेनमधूनच हाकलले. रिकाम्या गावांत उत्तरेकडचे ख्रिस्ती शेतकरी आणून बसवले. आज जे चर्च गावाच्या मध्यभागी दिसते, ते पुष्कळ ठिकाणी मशिदीच्या जागेवर उभे आहे.

हे सगळे आम्ही जाण्याआधी वाचले होते. पण वाचलेले एक आणि ताटात आलेले एक.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. एका गावात, नाव सांगत नाही, दुपारी एका छोट्या खाणावळीत बसलो. मुलीने शिकवून ठेवले होते, 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय. मसुराची आमटी मागवली. 'सिन कार्ने?' 'सी, सी, सिन कार्ने.' गरम आमटी, गाजर, बटाटा, तमालपत्र, वरून ऑलिव्ह तेल. भूक लागलेली. पाच-सहा चमचे पोटात गेल्यावर चमच्यात एक गुलाबी तुकडा आला. वाढणाऱ्या मुलाला दाखवला. तो बिचारा मनापासून म्हणाला, हे मांस नाही, हा खामोन आहे, नुसता चवीला! खामोन म्हणजे डुकराची सुकवलेली मांडी. त्याच्या भाषेत मांस म्हणजे वेगळे आणि खामोन म्हणजे वेगळे. त्याने फसवले नव्हते.

पैसे दिले आणि उठलो. त्या संध्याकाळी आम्ही काही खाल्ले नाही. न कळत घडले त्याला पकड नाही, हे दोघांनाही ठाऊक होते, एकमेकांना सांगूनही झाले. तरी शाळेतल्या बाई रात्री उशिरापर्यंत खिडकीत बसून राहिल्या. त्यांना रडू आमटीचे येत नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, "आपल्याला निदान उठून जाता आले." मोरिस्कोंच्या बाबतीत डुकराचे मांस न खाणे हा पुरावा होता. शेजाऱ्याने, मोलकरणीने, कुणीही जाऊन सांगावे की अमक्या घरात खात नाहीत, दारू पीत नाहीत, वारंवार हातपाय धुतात, आणि इन्क्विझिशनचे लोक दारात यावेत. ज्या घरांना आपण आता खरे ख्रिस्ती आहोत हे दाखवायचे होते, त्यांना ते पाहुण्यांसमोर खावे लागे. त्या ताटात किती जणांनी डोळे मिटून घास घेतला असेल!

सकाळी एक वेळ परत ग्रॅनाडाला जावे असेही बोलून झाले. तिथे मोरोक्कन लोकांची हलाल खाणावळ आहे, मशीद आहे. मुलीला फोन केला. ती आधी हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली, "अब्बू, मी तुम्हाला वाक्यच अर्धे शिकवले." आणि पूर्ण वाक्य पाठवले. जे कुणी पुढे स्पेनला जातील त्यांच्यासाठी इथे देतो: 'नो कोमेमोस सेर्दो, नी खामोन, नी मांतेका, नी विनो.' आम्ही डुक्कर खात नाही, खामोनही नाही, चरबीही नाही, वाइनही नाही. मांतेका हा शब्द विसरू नये, कारण काही बिस्किटांत आणि पावांत डुकराची चरबी असते. आणि कोणतेही मांस हलाल नाहीच, तेव्हा 'नी कार्ने' जोडून द्यावे. मासे, अंडी, भाज्या, डाळी यांवर माणूस उत्तम जेवतो. आम्ही ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि निघालो. पुढच्या गावीच निघालो, ग्रॅनाडाला नाही.

कापिलेइराहून पित्रेसपर्यंतची वाट चेस्टनटच्या आणि ओकच्या सावलीतून जाते. पित्रेसच्या खाली मेसिना, फोंदालेस, फेर्रेइरोला अशी लहान लहान गावे, एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण तासावर. या गटाला 'ला ताहा' म्हणतात. तोच आपला 'ताअत', आज्ञापालन. त्या काळी एका हुकमाखालच्या गावांच्या गटाला ताहा म्हणत. तुतीची जुनी झाडे मधूनच दिसतात. एकेकाळी हा सगळा प्रदेश रेशमावर जगत होता.

फेर्रेइरोलात आम्ही तीन रात्री राहिलो. सत्तरीच्या एक विधवा बाई, दोन खोल्या पाहुण्यांना देतात. आम्ही कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, मग आम्हाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले आणि तेलाचा पाच लिटरचा डबा दाखवला. त्यांच्या शेताच्या ऑलिव्हचे तेल. फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने कळले की त्यांच्या लहानपणी घरात चरबीच वापरत, तेल विकायला जात असे. दुसऱ्या दिवशी चुलीवर नवी कढई होती. किमतीचे लेबल तसेच चिकटलेले.

त्या कढईत पहिल्यांदा झाले ते 'पापास आ लो पोब्रे', गरिबाचे बटाटे. बटाट्याच्या जाड चकत्या, उभा कांदा, हिरवी ढोबळी मिरची, लसूण आणि भरपूर ऑलिव्ह तेल. मंद आचेवर झाकण ठेवून, तळायचे नाही, तेलात शिजवायचे. बटाटा बाहेरून जरा मोडला पाहिजे. वर अंडे फोडून घालायचे. आपल्याकडे याला कुणी तिखटाशिवाय हात लावणार नाही. आम्हीही बॅगेतली लाल चटणी काढली होती, पण दोन घासांनंतर पुडी परत बांधून ठेवली. रात्री 'आखोब्लांको': भिजवलेले बदाम, लसूण, शिळा पाव आणि तेल वाटून केलेले थंड, पांढरे सार, वर द्राक्षे. ट्राउट मासा इथे पोटात खामोनचा काप घालून तळतात. आमच्यासाठी त्यांनी पोटात लिंबू आणि पुदिना भरला, आणि स्वतःही तसाच खाऊन पाहिला. "बरा लागतो," म्हणाल्या, पण चेहऱ्यावरून पटलेले दिसले नाही.

वांग्याचे काप मात्र सर्वांवर कडी. पातळ काप, पिठात घोळवून कुरकुरीत तळलेले, आणि वर, विश्वास ठेवा, काकवी! इथे तिला उसाचा मध म्हणतात. ऊस या किनाऱ्यावर अरबांनी आणला. खाली समुद्रकाठी हजार वर्षे ऊस होत होता. शेवटचा कारखाना 2006 साली बंद पडला. वांगे आणि काकवी एकत्र खाल्लेली मराठी माणसे आम्ही तरी पाहिलेली नाहीत, आणि ती का पाहिली नाहीत हे आता कळत नाही.

जेवताना शब्दांचा खेळ सुरू झाला. तेल म्हणजे असेइते, अरबी 'अज़-ज़ैत'. साखर असूकार, तांदूळ आर्रोस, हौदाला आल्बेर्का, म्हणजे 'अल-बिरका'. संत्रे नारांखा, आपले नारिंग! वांगे बेरेंखेना, फारसी-अरबी 'बादिंजान', आणि ते नाव मुळात हिंदुस्थानातून गेलेले, आपल्या वांग्याचेच भावंड. फर्मानाने अरबी बंद केली, पण स्वयंपाकघरात जाऊन डबे कोण तपासणार? बाई बोलता बोलता 'ओखाला' म्हणत, पाऊस पडो, नातू येवो, अशा अर्थाने. हा शब्द 'अल्लाहची मर्जी असेल तर' याच बोलांतून आलेला. आम्ही त्यांना तो सांगितला तेव्हा त्यांनी डोळे मोठे करून विचारले, "म्हणजे मी रोज अरबी बोलते?"

फेर्रेइरोलाहून बुस्किस्तारच्या वाटेवर एक झरा आहे, त्याचे पाणी सोड्यासारखे चुरचुरते आणि लोखंडामुळे दगड तांबडे झाले आहेत. गुडघ्याला चांगले असते म्हणतात. प्यायलो. गुडघा होता तसाच आहे. त्रेवेलेसलाही एक दिवस टॅक्सीने गेलो. ते गाव खामोनसाठीच प्रसिद्ध, दुकानादुकानांत छताला मांड्या टांगलेल्या आणि रस्त्यावर तोच वास. एकाला जायचे होते, नदीचे पाणी पाहायला. दुसरीला नको होते. शेवटी नदीकाठी बसून पाव, बकरीचे चीज आणि लोकाट फळे खाल्ली. ते त्यांचे अन्न, त्यांची रोजी. नाक मुरडावे असे काही नव्हते, थांबावे असेही काही नव्हते.

आता पाटांविषयी. खात्यातल्या गृहस्थांची सारी सफर खरे तर याच्यासाठी होती, हे आम्हाला दोघांनाही उशिरा कळले.

इथल्या पाटाला असेकिया म्हणतात. अरबी 'अस-साकिया', पाणी पाजणारी. शायरीतला आपला साकी याच घराण्यातला. वर बर्फ वितळते त्या उंचीवर ओहोळ अडवून पाणी या पाटांत घेतात आणि डोंगराच्या कुशीने, अगदी मंद उताराने मैलोन् मैल नेतात. आमची पायवाट पुष्कळदा पाटाच्या बांधावरूनच होती, म्हणून तर आमच्यासारख्यांना झेपली. पाटाला चढ नसतो! पण खरी गंमत पुढे आहे. काही पाट शेतात जातच नाहीत. ते पाणी डोंगरावर ठरावीक सच्छिद्र जागी नेऊन सोडून देतात, मुरायला. ते खडकांच्या फटींतून हळूहळू खाली उतरते आणि आठवड्यांनी, महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांतून बाहेर येते. ना धरण, ना सिमेंट. डोंगरच हौद. आपण आज ज्याला पाणी जिरवणे म्हणतो ते इथले लोक अंदलुसी काळापासून करत आले. मोरिस्कोंना हाकलले तेव्हा ही विद्या नव्या लोकांना शिकवण्यासाठी प्रत्येक गावात दोन कुटुंबे मागे ठेवली होती, असे इथे सांगतात.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत माणसे शहरात गेली, पाट बुजले. 2014 पासून ग्रॅनाडा विद्यापीठातली मंडळी गावकऱ्यांना आणि स्वयंसेवकांना घेऊन फावड्या-कुदळींनी ते पुन्हा उकरून काढत आहेत. हे ऐकताना खात्यातले गृहस्थ गप्प गप्प होत गेले. पांझरेकाठी आमचे गाव. तिथे फड पद्धत होती. बंधारा, पाट, एका फडात एकच पीक, आणि पाणी वाटणारा पाटकरी. कुणालाही जादा नाही, कुणालाही कमी नाही. पाटकऱ्याचा शब्द शेवटचा. यांच्या वडिलांनी ते पाणी घेतले. विहिरी आणि पंप आले तसा आमच्या गावचा पाट मोडत गेला आणि पाटकरी कुणाला लागेनासा झाला. "मी खात्यात होतो," ते म्हणाले, "मोठ्या कालव्यांची मापे घेत होतो. आपला पाट बुजला तेव्हा मी एक साधी नोटसुद्धा लिहिली नाही." इतक्या वर्षांत हे आमच्या घरात कधी बोलले गेले नव्हते.

शेवटच्या संध्याकाळी बाईंच्या पाण्याची पाळी होती. सात ते सात चाळीस. वर पाट सांभाळणारा म्हातारा, असेकियेरो, घड्याळ बघत उभा. बाईंनी फावडे आमच्याकडे पाहून सहज पुढे केले आणि ते कुणी घ्यायचे याबद्दल प्रश्नच नव्हता. स्टेंटची आठवण करून देण्यात काही अर्थ नव्हता. फळी वर उचलली, एक ढेकूळ इकडे, एक तिकडे, आणि पाणी वळले. आधी कोरडी पाने पुढे ढकलत, मग फेस, मग स्वच्छ. टोमॅटोची सरी, वांग्याची सरी, कडेला घेवडा. सरी भरली की बांध फोडायचा, पुढची धरायची. हाताला सगळे आठवत होते. शाळेतल्या बाई वरच्या अंगाला दगडावर बसल्या होत्या. असरची वेळ अजून होती. त्यांनी बाह्या सारल्या आणि त्याच पाण्यात वजू केला. मोबाइलवर दिशा पाहायची आता गरज उरली नव्हती. मुलासेनचे बर्फ डाव्या हाताला ठेवले की झाले.

सात चाळीसला वरून हाक आली. घेवड्याची शेवटची सरी अजून अर्धी कोरडी होती. बाईंनी खांदे उडवले. फळी खाली पाडली, फटीत चिखल दाबला, आणि पाणी शेजाऱ्याच्या शेताकडे गेले.